डबीतले बाबा

आमच्या घरात दोन कॅमेरे होते आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. एक माझ्या थोरल्या भावाचा, एक माझा. खरं तर आम्हा बहीणभावांचंच पटत नव्हतं, पण भांडायला काहीतरी वस्तू लागते.

भावाचा चामोर्शीला बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. रिळांचे दिवस संपत आले तेव्हा त्याने नागपूरहून कुणाचा तरी वापरलेला डीएसएलआर आणला. काळा, जड, पकडीचं रबर झिजून चिकट झालेलं. आला तेव्हाच जुना होता. मागचा पडदा काडेपेटीएवढा, आणि तोही फोटो काढून झाल्यावरच काही दाखवायचा. आधी बघायचं तर एक डोळा मिटून दुसरा मागच्या खिडकीला लावायचा, म्हणजे समोरच्याला भावाच्या तोंडाऐवजी नुसतं काळं धूड दिसायचं. पण बटण दाबलं की त्याच क्षणी टाळी वाजल्यासारखा फोटो निघायचा, आणि त्या फोटोत नवरीच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा.

माझा कॅमेरा पत्त्यांच्या कॅटएवढा. मी घुग्घुसला राहायची, नवरा कोळसा खाणीत शिफ्टवर. त्याने चंद्रपूरहून हौसेने आणून दिलेला. चांदीच्या रंगाचा, पर्समध्ये कंगव्याशेजारी मावणारा. घुग्घुसची काळी धूळ पोळीच्या डब्यात शिरते, तिथे कॅमेऱ्याची काय कथा. चालू केला की भिंग करकरत बाहेर यायचं. बटण दाबल्यावर जरा विचार करायचा आणि मग फोटो काढायचा, तोवर मांजर पळालेलं असायचं.

भावाने तो पहिल्यांदा हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "हे कॅमेरा होय का तंबाखूची डबी?"

मी म्हटलं, "तुयापेक्षा जास्त मेगापिक्सेल आहेत यात. पाह्य डब्यावर."

"वावर तेवढंच अना बांध्या वाढवल्या तं धान वाढत नाई बाई," तो म्हणाला. "नुसते धुरे वाढते."

धानाच्या मुलखातला माणूस, मेगापिक्सेलही बांध्यांनी, म्हणजे शेताच्या तुकड्यांनीच मोजणार. त्याचं बरोबर होतं हे मला पुढे कळलं, पण तेव्हा मी त्या दिवसाची भाजी मुद्दाम तिखट केली.

बाबा भावाकडे राहायचे. आई गेल्यावर शेत ठेक्याने देऊन त्यांना चामोर्शीला आणलं होतं. दिवसभर ते स्टुडिओतल्या बाकावर बसत, आणि तिथे बसून बसून त्यांनी भावाच्या मोठ्या कॅमेऱ्याबद्दल एक मत करून घेतलं होतं. आमच्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. गेला की घरचे धावत येतात, कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याचा फोटो घेऊन. यातला हा, मागे उभा आहे तो, तेरवीच्या आत पाहिजे. मग भाऊ त्या घोळक्यातून तेवढं डोकं कापून घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर साफ करायचा. साफ करणे हा त्याचा शब्द. दाढीची खुंटं काढायची, गालाचे खड्डे भरायचे, चामखीळ उडवायची, केस काळे करायचे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचा आणि मागे निळा पडदा. जन्मभर चिखलात राबलेला माणूस एकदम बँकेच्या साहेबासारखा होऊन फ्रेममधून बाहेर बघायचा. घरचे रडायचे आणि समाधानाने घेऊन जायचे. यात फसवणूक कुणालाच वाटत नव्हती. गेलेल्या माणसाला धुऊन पुसून नवे कपडे घालतातच की.

बाबांनी हे सगळं पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, "त्या काळ्या डब्यात गेला माणूस, तो भिंतीवरच निंघते." भाऊ कॅमेरा त्यांच्याकडे वळवायचा आणि ते खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढायचे. पोराचं तोंड दिसेनासं होतं आणि तिथे एक काचेचा डोळा येतो, हेही त्यांना आवडत नसावं.

माझ्या डबीला मात्र ते भ्यायचे नाहीत. ती मी हात लांब करून धरायची, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसत राहायचं, आमचं बोलणं चालू राहायचं. एकदा उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा ते मागच्या अंगणात तंबाखू मळत बसले होते. मी म्हटलं, बाबा, हासा. ते हसले. माझ्या डबीने नेहमीप्रमाणे विचार करायला वेळ घेतला, तोवर त्यांचं हसून संपलं, झालं असं समजून ते मला काहीतरी सांगायला लागले, आणि तेव्हा फोटो निघाला. तोंड अर्धं उघडं, पुढचे दात नाहीत, आठवड्याची दाढी, नाकाशेजारची चामखीळ, डोक्याला गुंडाळलेला मळका दुपट्टा, फ्लॅशने एक डोळा लाल. हात हललेला. भावाने पाहिला आणि म्हणाला, "हे डिलीट कर. असा दिसते का आपला बाप?"

असाच दिसायचा. पण मी वाद घातला नाही आणि फोटोही पुसला नाही.

तेव्हाच बाबांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग आई गेली आहे हे. पुढच्या हंगामात, धान गर्भात आलं असताना, ते सकाळी स्टुडिओत जातो म्हणून निघाले आणि स्टुडिओत पोचलेच नाहीत.

दोन दिवस आपणच शोधून मग भावाने फोन केला, तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. होते तशीच निघाले, कॅमेऱ्याचा चार्जर घरीच राहिला. सगळ्या रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे वैनगंगा होती. पावसाळ्याचं पाणी अजून ओसरलं नव्हतं, आणि दुसऱ्या बाजूला जंगल. माणूस हरवायला आमच्याकडे जागेची कमी नाही.

चामोर्शीला उतरले तर बसस्टँडच्या खांबावर पोस्टर लागलेलं होतं. वर मोठ्या अक्षरात "हरवले आहेत" आणि खाली फोटो. मी क्षणभर बघतच राहिले, कारण तो माणूस मला ओळखू येत नव्हता. काळे केस, भरलेले गाल, इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे निळा पडदा. मग नाकावरून ओळखलं आणि तडक स्टुडिओ गाठला.

स्टुडिओत शिरले ती तणतणतच. "हा फोटो कुठला? बाबा तं तुले काढू देत नोहते."

भावाने कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही. चुलतभावाच्या लग्नात त्याने मांडवाच्या पार दुसऱ्या टोकावरून, लांबची लेन्स लावून, बाबांचा फोटो त्यांच्या नकळत काढला होता. आणि साफ करून ठेवून दिला होता. तेव्हाच.

"म्हणजे तू तयारी करून ठेवली होती," मी म्हटलं. "माणूस मांडवात जेवून राह्यला अना तू त्याचा भिंतीवरचा फोटो करून राह्यला."

"रोज पाहतो मी," तो म्हणाला. "लोकं येते, फोटो नाई म्हणते, रडते. आपल्या आजोबाचा आहे का एकतरी? नाई ना. मले माया बापाचं तसं होऊ द्याचं नोहतं." त्याचा आवाज फाटला होता. तो जेवला नव्हता, झोपलाही नव्हता. दया यायला हवी होती, मला रागच आला. तो फोटो त्याच्यासाठी बाबांचा सगळ्यात चांगला फोटो होता, म्हणून संकटात त्याने तोच पुढे केला. पण हरवलेला माणूस त्या फोटोसारखा दिसत नव्हता, एवढं साधं त्याच्या लक्षात येत नव्हतं. वर्षानुवर्षं मेलेल्यांची तोंडं साफ करून त्याला खरं तोंड दिसेनासंच झालं होतं.

मी डबी काढली आणि तो अंगणातला फोटो दाखवला. म्हटलं, हा मोठा कर. त्याने कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, तोंडाचे नुसते चौकोन चौकोन झाले. "फाटते," तो म्हणाला. "यात जीवच नाई."

"मंग राहू दे," मी म्हटलं. "मी डबीच फिरवतो."

त्या दिवशी आठवडी बाजार होता. बॅटरीची खूण लाल झाली होती. चालू करायची, समोरच्याच्या नाकापुढे धरायची, बंद करायची. भाजीवाले, कासार, सुक्या मिरच्यांची दुकानं. लोक पडदा जवळ नेऊन बघायचे, आधी कॅमेऱ्याचं कौतुक करायचे आणि मग मान हलवायचे. भाऊ माझ्या मागे मागे, हातात पोस्टरांची गुंडाळी घेऊन.

मासोळ्या विकणाऱ्या बाया बाजाराच्या टोकाला खांबाला टेकून बसल्या होत्या. त्याच खांबावर आमचं पोस्टर होतं. त्यातल्या एकीने ओले हात लुगड्याला पुसले, पडद्यावर वाकली आणि म्हणाली, "हा बुढा? हा तं आमच्या बोडीवर बसून आहे ना. जाळ्याच्या गाठी सोडून देते."

भावाने तिच्या डोक्यावरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. "बाई, मंग हा कोण होय?"

तिने मान वळवून नीट पाहिलं. "कोणी साहेब होय ना? मले वाटलं, निवडणुकीचा आहे."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसून लोळले असते. बाईची पाटी रिकामी होईपर्यंत आम्ही थांबलो नाही, उरलेल्या मासोळ्या तिच्या जावेच्या पाटीत टाकल्या आणि तिला घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसलो. वाटेत ती सांगत होती. बुढा चालत चालत आला, बोडीच्या, म्हणजे त्यांच्या लहान तलावाच्या, पाळीवर बसला. कोणाचा तरी पाहुणा असेल म्हणून कुणी विचारलं नाही. तिच्याकडे जेवत होता, पडवीत झोपत होता. कुठी चालले जी म्हटलं की एकच सांगायचा, "माया बाप पाणी सोडाले गेला आहे. तो आला का जातो."

बाबा पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसले होते. मांडीवर जाळं. फोटोतल्यासारखेच, डोक्याला तोच दुपट्टा. मी त्यांना मिठी मारली. त्यांनी लोकलाजेने थोडं सरकून घेतलं, परक्या बाईने गळ्यात पडावं तसं. म्हटलं, बाबा, घरी चाला. ते नाही म्हणाले. बाप यायचा आहे, तो इथे येऊन शोधत बसेल. मी समजावलं, रडले, हात धरून ओढलं. ते पाळीचं गवत धरून बसले.

भाऊ बाजूला उभा होता. काय सुचलं कोण जाणे, त्याने गुंडाळीतलं एक पोस्टर उलगडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

बाबांनी जाळं खाली ठेवलं. कागदावरून हात फिरवला. त्या काळ्या केसांवरून, भरलेल्या गालांवरून. आणि त्यांचं तोंड एकदम मोकळं झालं.

"हा माया बाप होय," ते म्हणाले. "कुठी भेटला तुले?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "घरी आहे जी," तो म्हणाला. "तुमची वाट पाहून राह्यला."

बाबा उठले. मला तेव्हा भावाचा इतका राग आला की थोबाडीत द्यावीशी वाटली. पण बाबांचा एक हात त्याने धरला होता आणि दुसरा मी धरला, आणि आम्ही पाळीवरून खाली उतरलो.

घरी आल्यावर ते प्रत्येक खोलीत जाऊन पाहत होते. दाराआड, पलंगाखाली. मग पुन्हा चपला घालायला लागले. वहिनी दाराला आडवी झाली. तेव्हा भावाने तो फोटो फ्रेम करून बैठकीच्या भिंतीवर लावला. हार घातला नाही. बाबा त्याच्यासमोर बसले आणि चपला पायांतून गळून पडल्या.

त्यानंतर ते कधी कुठे गेले नाहीत. दिवसभर त्या भिंतीखाली बसायचे, बांध्या, पाणी, बैलं यांचं बोलायचे, मळलेल्या तंबाखूची चिमूट आधी वर धरायचे. ते सापडलेले राहिले, एवढंच आम्हाला हवं होतं, आणि ते असं मिळालं. भावाशी त्या फोटोवरून मी पुन्हा कधी भांडले नाही. त्यानेही माझ्या डबीला नावं ठेवणं सोडलं.

दिवाळीला गेले तेव्हा उन्हाचा कवडसा त्यांच्या तोंडावर पडला होता, ते बरे दिसत होते. मी डबी काढली, हात लांब केला, माझं तोंड त्यांना दिसेल असा. म्हटलं, बाबा, हासा.

त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढला.

"नको बाई," ते आतून म्हणाले. "फोटो काढला का माणूस भिंतीवर जाते. पाह्य ना, माया बापाचं का झालं."

करकरत बाहेर आलेलं भिंग मी बंद केलं आणि डबी पर्समध्ये ठेवून दिली.