गेंड्या भुंगा आणि आमचे आतोबा

आमचे आतोबा, म्हणजे माझ्या लांबच्या आत्याचे यजमान, जगातल्या माणसांचे दोनच वर्ग मानीत: ज्यांच्या गावी गेंड्या भुंगा सापडतो ते, आणि ज्यांच्या गावी सापडत नाही ते बिचारे. गिरगावातल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवीत. पण जीव जडला होता तो माडाचा शेंडा पोखरणाऱ्या या किड्यावर. अंगठ्याएवढा, काळाभोर, तेल लावून पुसल्यासारखा चकचकीत, पोटाखाली तांबूस लव आणि कपाळावर मागे वळलेलं शिंग. माहीमच्या वाड्यांपासून दक्षिणेला तो कुठवर आढळतो, हे शोधण्याचा त्यांनी विडाच उचलला होता. मला मालवणची मुलगी सांगून आली, तेव्हा पत्रिका, घराणं सगळं सोडून त्यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "आपल्याकडे माडांना भुंगा लागतो ना?" लागतो म्हटल्यावर लग्न जमल्यासारखे ते पेढे मागू लागले. घरात देवांच्या तसबिरींपेक्षा भुंग्यांच्या पेट्या जास्त. आत्या त्या पेट्यांकडे पाठ करून जेवायला बसे.

प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात आमची चाळ ओस पडली. आतोबांना जाता आलं नाही. आत्याला ताप भरला होता, काखेत गाठ आली होती. तपासणीवाले आले. तिला इस्पितळात न्यायचं ठरलं आणि घरातलं सामान जाळायला खाली काढलं. त्यात पेट्याही होत्या. त्या पेटल्या तेव्हा मी आतोबांकडे पाहिलं, तर ते आत्याच्या डोलीमागून चालू लागले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

इस्पितळात तिच्या उशाशी बसून काय बोलावं ते त्यांना सुचेना. मग येत होतं तेच सांगू लागले. माहीम, अलिबाग, रत्नागिरी, मालवण...

आत्याने डोळे उघडले. "रेवदंडा राहिला," ती म्हणाली. "माझ्या माहेरी पुष्कळ होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मुद्दाम नाही म्हटलं."

"का गं?"

"सासुरवाडीत माडांवर चढत बसला असतात."

आतोबा हसले. तीही हसली असावी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेजारच्या गल्लीतल्या दोन अनोळखी माणसांना आतोबांनी हात जोडले, तेव्हा तिला उचलता आलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना धक्क्यावर पोचवायला गेलो. रेवदंड्याचा पडाव सुटायच्या बेतात होता. मी बरोबर येतो म्हणालो. त्यांनी माझ्या हातातली वळकटी घेतली.

"नको रे. तिच्या आईला मी एकट्यानेच सांगायला हवं."

मुंबईला ते परत आलेच नाहीत. त्या म्हातारीजवळच राहिले आणि संध्याकाळी पडवीत बसून तिच्या लेकीच्या संसाराच्या गोष्टी तिला सांगत, असं ऐकलं.