उभं राहवत नाही म्हणणाऱ्यांच्या डॉक्टर

डॉ. वत्सला साळवे यांची आणि माझी पहिली ओळख मी शुद्धीवर येत असताना झाली. चाकणच्या एका कंपनीत सुट्या भागांच्या तपासणीचं माझं काम, आठ तास उभ्यानं. डेंग्यूतून उठल्यापासून उभं राहिलं की छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या दिवशी तिसऱ्यांदा कोसळले, तेव्हा सुपरवायझरनं मला कुरुळीत मॅडमच्या दवाखान्यात आणलं. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मॅडम. काम नको म्हणून नाटक चाललंय," तो माझ्यादेखत म्हणाला.

मॅडमनी त्याला बाहेर बसवलं. मला निजवून नाडी मोजली, अठ्ठ्याहत्तर. मग भिंतीपाशी उभं केलं आणि माझं मनगट धरून त्याही दहा मिनिटं उभ्या राहिल्या. नाडी एकशेतीसवर गेली. रक्तदाब मात्र होता तसाच. पुढच्या तपासण्या झाल्यावर आजाराचं नाव कळलं, पॉट्स. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, शरीराला ते सावरता येत नाही आणि हृदय धावत सुटतं, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते?"

"नाही गं," म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्याचं कारण मला पुढे त्यांनीच सांगितलं. माझ्याआधी शोभा नावाची कामगार मुलगी हीच तक्रार घेऊन आली होती. मॅडमनी तिला "मनावर घेऊ नकोस" असं सांगून, टॉनिक देऊन परत पाठवलं. आठवड्याभरात ती चाळीच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, डोक्याला मार लागून गेली. मॅडमना कुणीच बोल लावला नव्हता. पण नंतर या आजाराविषयी वाचताना शोभाची लक्षणं आठवली, तेव्हा त्या स्वतःहून तिच्या आईकडे गेल्या. "मी तिचं नीट ऐकलं नाही. चूक माझी आहे." आई एवढंच म्हणाली, "आता सांगून काय उपेग, बाई?"

माझे उपचार सुरू झाले: भरपूर पाणी, रक्तदाब पाहून वाढवलेलं मीठ, पायांत घट्ट मोजे, आडवं पडून व्यायाम, एक गोळी. माझ्यासाठी मॅडम कंपनीतही गेल्या.

"हिला बसायला एक स्टूल द्या."

"एकीला दिलं तर सगळ्या मागतील, मॅडम."

"मागू द्या की. लागत असेल म्हणूनच मागतील ना?"

स्टूल मिळालं नाही. माझी नोकरी गेली. मॅडमनी मला दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसवलं. तिथं आज सहावं वर्ष. मी पूर्ण बरी झालेली नाही. स्वयंपाक अजून बसून करते, वाईट दिवशी आंघोळ झाली की तासभर पडून राहते. मॅडमनी मला खोटी आशा कधी दाखवली नाही, हे त्यांचे उपकारच.

मॅडमच्या साठीनिमित्त हा लेख लिहिताना त्यांनी एकच अट घातली: "शोभाचं वगळणार असशील, तर लिहू नकोस." म्हणून मी शोभाच्या आईला विचारायला गेले. साठीच्या समारंभाचं आमंत्रणही दिलं.

"लिही. खरं हाय ते," ती म्हणाली. "मी काय यायची न्हाई. पण बाईला म्हणावं, तब्येत सांभाळ. लेकीबाळी येत्यात तिच्याकडं."

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं मला मनापासून वाटतं. पण ज्या घरानं लेक गमावली, त्या घरचा हा निरोप माझ्या शुभेच्छेच्या आधी वाचावा, अशी विनंती.