पटक्याखालचं कपाळ

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. त्यातही शहरात चित्रकला शिकायला गेलो, हे गावात कुणाला नीट सांगता यायचं नाही. माय विचारणाऱ्याला सांगायची, "कागदावर माणसं काढतंय." दादा, म्हणजे माझे वडील, तेवढंही सांगत नसत.

दादांचा जन्म मेंढरांमागं गेला. करमाडपासून आत आमचं गाव. चराईची रानं आटत गेली तशी मेंढरं विकली, आणि दादा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फाटकावर पहारेकरी म्हणून लागले. तेव्हा जालना रोडला नवनवी शेडं उठत होती आणि आमच्यातले पुष्कळ जण असेच काठी सोडून शिट्टी घेऊन उभे राहिले. अंगावर खाकी आली, पण डोक्यावर दादांचा लाल पटका तसाच राहिला. वर्दीची टोपी ते खिशात ठेवत.

मी शेवटच्या वर्षाला असताना दादा गेले. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. विद्यापीठाच्या नावाच्या लढ्यानं तेव्हा सगळा मराठवाडा पेटलेला होता. शहर बंद, एसट्या बंद. निरोप माझ्यापर्यंत तिसऱ्या दिवशी पोचला, एका दूधवाल्याबरोबर. माझ्या खोलीतला जोडीदार नाव बदलावं म्हणून रोज मोर्चात असायचा. त्यानं काही न विचारता सायकलची चावी माझ्या हातात दिली.

"तू पण चल," मी म्हणालो.

"येडा हाय का तू? तुझ्या गावात आज मला कोण शिरू देईल?" तो म्हणाला. "जा. हवा भरेल हाय."

सायकल मारत गावी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती.

तेराव्याला मामानं माझ्या डोक्याला नवा पांढरा फेटा बांधला. आमच्यात बापाच्या मागं मुलाला तो बांधतात. परत येताना करमाडच्या पुढं मी तो काढला आणि पिशवीत कोंबला. कॉलेजात फेटा बांधून कसं जायचं, एवढाच विचार तेव्हा मनात होता.

मायनं एकच गोष्ट मागितली होती. "त्यांचं एक चित्र काढ. भिंतीला लावू. मला आत्ताच तोंड नीट आठवंना झालंय." घरात दादांचा एकही फोटो नव्हता. लग्नातसुद्धा काढला नव्हता. होता तो फक्त कारखान्याच्या पासवरचा, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, खांद्यावर शिक्क्याचा अर्धा गोल उमटलेला.

आमच्या एका सरांनी त्या वर्षी परदेशी मासिकातली काही चित्रं वर्गात दाखवली होती. माणसांचे चेहरे, भिंतीएवढे मोठे. वाटावं फोटो आहे, पण फोटोतही इतकं दिसत नाही. नाकाशेजारची छिद्रं, ओठावरची भेग, डोळ्यात पडलेली खिडकी. सर म्हणाले, "हे करायला हुशारी लागत नाही, इमान लागतं. मनातलं काही घालायचं नाही. दिसतं ते काढायचं, दिसत नाही ते काढायचं नाही." माझ्यासारख्या बुजऱ्या मुलाला हे फार पटलं. माझ्या मनात काय आहे हे सांगायची मला भीती वाटायची. दिसतं ते काढायची नव्हती.

स्टुडिओवाल्यानं पासच्या फोटोचा फोटो घेऊन पोस्टकार्डाएवढा करून दिला. त्याच्यावर मी बारीक चौकटी आखल्या, मोठ्या कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखल्या, आणि एकेक चौकट भिंगातून पाहून पेन्सिलीनं भरत गेलो. अशा कामात चेहरा दिसत नाही. आज भुवईचं टोक, उद्या कानाची पाळी. जिथं फोटो पुसट होता तिथं आरशात स्वतःचा गाल बघून कातडी भरली. दोन महिने लागले. शेवटी चौकटीच्या रेघा खोडल्या आणि मागं सरकून पाहिलं, तर दादा समोर बसले होते. गालावरचे खुंट, कपाळावरचा तो पांढरा पट्टा जिथं कधी ऊन लागलं नव्हतं, खांद्यावरचा शिक्कासुद्धा.

सर चित्राच्या अगदी जवळ गेले. "हात लावला तर दाढी टोचेल रे," म्हणाले. "हे मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवू. पण आधी घरी दाखवून ये."

चित्र गुंडाळून गावी गेलो. मायनं हात धुतले, पदराला पुसले आणि कागद उलगडला. क्षणभर तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. मग तिनं पदर पुढं ओढून चित्राच्या वरच्या भागावर धरला.

"त्यांना बोडक्यानं काऊन बसवलंस?"

"फोटोत तसेच आहेत माय."

"उघड्या डोक्यानं माणूस कवा असतंय? घरात मयत झाली म्हंजे. हे काय सोताच्याच मयतीला बसलेत का?" आणि मग हळू आवाजात, "हे कपाळ कुणी पाह्यलं नव्हतं रे. मी सोडून. आता आल्यागेल्यानं पाह्याचं?"

"पासवर तोंड पुरं दिसावं लागतं," मी म्हणालो.

"मंग पटका कुणी काढाया लावला?"

"साहेबानं."

हे खोटं होतं. पास करायला दादांबरोबर मीच गेलो होतो, सही कुठं करायची ते दाखवायला. कारकून फक्त म्हणाला होता, "फोटोत डोकं मोकळं असलं तर बरं." दादा नुसते उभे राहिले. मागं रांग होती, कुणीतरी हसलं. माझे कान तापले आणि मी म्हणालो, "काढा ना दादा, किती वेळ लावता!" त्यांनी पटका काढून माझ्या हातात दिला. तो अजून गरम होता. घरी आल्यावर त्यांनी पास कुणाला दाखवला नाही.

शहरात परतल्यावर सरांना सांगितलं की चित्रात दादांच्या डोक्यावर पटका चढवायचा आहे. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "मग ते खरं राहणार नाही. तू बघितलेलं नाहीस ते काढशील. प्रदर्शनाचा विचार सोडून दे मग."

खोलीवर जोडीदाराला विचारलं. तो सायकलची चेन बसवत होता. "कोणासाठी काढलं ते? मायसाठी का मुंबईसाठी?" एवढंच त्यानं विचारलं.

पण खरी अडचण पुढं आली. कागद समोर घेऊन बसलो तर दादांच्या पटक्याचे पेच मला आठवेनात. उजवीकडून डावीकडं की उलटं? शेवेचं टोक कुठं खोचलेलं? बावीस वर्षं तो पटका रोज डोळ्यांसमोर होता आणि मी एकदाही पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा गावी गेलो. मायनं पेटीतून पटका काढला. "एक टोक धर," ती म्हणाली आणि दुसरं धरून अंगणाच्या पार कडेपर्यंत गेली. तेव्हा आठवलं. रोज सकाळी दादा पीळ घालायचे आणि दुसरं टोक धरून ती उभी असायची. आज पीळ ती घालत होती. मग मला खाली बसवून ती माझ्याच डोक्याला बांधू लागली. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून बांधला.

"माय, साहेबानं नाही. मीच म्हणलो होतो दादांना, पटका काढा."

तिचे हात थांबले. मग पेच जोरात आवळला गेला.

"मान सरळ धर," ती म्हणाली.

भिंतीवरचा आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच पेच दिसायचा. तसा एकेक पाहत मी कागदावर उतरवत गेलो, दिवस मावळेपर्यंत. पटका लाल, म्हणून पेन्सिलीत तो गडदच यायला हवा होता. काही खोडायची गरज पडली नाही. त्या गडद छटेखाली कपाळाचा पांढरा पट्टा हळूहळू बुजत गेला. काम चालू असेपर्यंत माय माझ्याकडं बघत होती, चित्राकडं नाही.

चित्र प्रदर्शनाला गेलं नाही. खरं सांगायचं तर ते तितकं चांगलंही राहिलं नाही. चेहरा एका उजेडात आहे आणि पटका दुसऱ्या. जाणत्या माणसाला लगेच कळतं.

मायनं ते दाराच्या समोर लावायला सांगितलं. मी खिळा ठोकला. ती खाली उभी राहून बघत होती.

"खाली हाय ना ते कपाळ?" तिनं विचारलं. "की पुसलंस?"

"नाही पुसलं. खाली आहे."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.