तुरीच्या चार शेंगा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि सगळा राग तक्रारदारावरच आहे असंही नाही.

मी तेव्हा जळगावात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एक डाळमिलवाले शेठ तरातरा आत आले आणि तूरडाळीची दोन पाकिटं टेबलावर आपटली. एक त्यांचं, एक बाजारात नव्याने आलेलं. दोन्हींवर तुरीच्या फांदीचं तेच चित्र.

"साहेब, हे बनवणारी बाई शिरपूरकडची आहे. घरी बसून ऑनलाइन कामं घेते. माझं चित्र तिने दुसऱ्याला विकलं. उचला तिला!"

एवढ्यावर ते थांबले नव्हते. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचं नाव, गाव, फोन नंबर टाकून वर 'चोर' असं लिहून आले होते.

चौकशीसाठी तिला बोलावलं. दोन एसट्या बदलून ती आली, तोवर तिची तीन गिऱ्हाइकं तुटली होती. महिला पोलिसांसमोर मी तिला तासभर फैलावर घेतलं. "साहेब, माझा फोन एकदा पाहा ना," असं ती सारखी म्हणत होती आणि "विचारतो तेवढंच सांगा," असं मी दरडावत होतो. शेठ गावातले मोठे, म्हणून बाईच खोटी, हे मी धरूनच चाललो होतो. लिहायलाही लाज वाटते.

शेवटी नवं पाकीट तिच्यापुढे सरकवलं. तिने डोळे पुसले आणि बोटाने शेंगा मोजल्या.

"साहेब, या चार आहेत. शेठच्या पाकिटावर पाच आहेत."

"मग?"

"गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, आधीचं चित्र बरं होतं. आधीचं म्हणजे कुठलं? घोळ होतो. म्हणून मी पहिल्या नमुन्यात एक शेंग रंगवते, दुसऱ्यात दोन. मग विचारते, किती शेंगांचं हवं? शेठनी पाचवा पसंत केला. चौथा त्यांनी पाहिलाच नाही. ते धुळ्याला लग्नात होते, म्हणाले, माझ्या भाच्याला पाठव."

आता कुठे मी तिचा फोन हातात घेतला. सगळे मेसेज जागच्या जागी होते; चार शेंगांचा नमुना फक्त भाच्याच्या नंबरवर गेला होता.

भाच्याला बोलावलं. आधी त्याने उडवाउडवी केली. तो मेसेज समोर धरला तशी मान खाली गेली. नव्या मिलमध्ये त्याची छुपी भागीदारी होती आणि चित्र त्यानेच दिलं होतं.

शेठ एकदम मवाळ झाले. "साहेब, घरातलं प्रकरण आहे. अर्ज मागे घेतो."

मी खवळलो. "आणि ग्रुपवर चोर म्हणालात ते?"

त्यांनी तिथेच बसून लिहिलं : 'पाकिटाबाबतचा गैरसमज दूर झाला आहे. धन्यवाद.'

तिने ते वाचलं आणि तिच्या तोंडून घरची बोली निघाली. "साहेब, यामा मनं नाव कोठे शे?"

शेठ उठून गेले. ती मला म्हणाली, "तुम्ही तरी लिहून द्या, शिक्का मारून. गिऱ्हाइकांना दाखवेन."

"तशी पद्धत नाही," मी म्हणालो. अर्ज दप्तरी दाखल झाला आणि ती स्टँडकडे निघून गेली.

बोलावलेल्या माणसाचं आधी ऐकून घ्या, असं पुढे मी प्रत्येक नव्या फौजदाराला बजावत राहिलो. तिला त्याचा काय उपयोग? घरी बसून काम करणाऱ्याला ना दुकान, ना पाटी. नावावरच गिऱ्हाईक येतं. ते नाव शेठनी घालवलं, आणि ते परत मिळवायला लागणारा एक कागद मी दिला नाही.

अशा आठवणींत कुणाचं नाव लिहायचं नसतं, हीही पद्धतच. म्हणून शेठ इथेही सुखरूप आहेत. आणि तिचं नाव आजही कुठेच नाही.