भार कुठे येतो

स्कूटरची सीट फाटली म्हणून मी देवासच्या एका सीटवाल्याकडे गेलो होतो. पांढरी दाढी, कपाळावर नमाजचा काळसर डाग, ओठांत बारीक खिळे. समोर लांबट, अरुंद गाद्यांची चळत. चर्चमध्ये गुडघे टेकायच्या फळ्यांवर बसवायच्या होत्या त्या, आणि एकदा परत आलेल्या.

एक गादी दुरुस्त झाली की तो ती जमिनीवर ठेवायचा, तिच्यावर गुडघे टेकायचा आणि डोळे मिटून बराच वेळ ताठ राहायचा. मी घड्याळ बघत उभा.

"गलती मेरी थी, भिया," उठताना तो म्हणाला. मग हिंदीतच सगळं समजावलं. आधी त्यानं नमाजच्या अंदाजानं पातळ गाद्या केल्या होत्या. सजद्यात गुडघ्यांबरोबर कपाळही टेकतं, भार वाटला जातो. चर्चमध्ये माणूस ताठ राहतो, सगळा भार गुडघ्यांवर. तिथली एक म्हातारी उठताना कळवळली, तेव्हा त्याच्या हे लक्षात आलं.

"बाकी मांगना तो वही है," तो म्हणाला. "और आप?"

मी खरं ते सांगितलं. सकाळी हेल्मेट काखेत धरून देवघरासमोर उभ्याउभ्याच हात जोडतो. ऑफिसला उशीर होतो.

त्यानं माझी फाटकी सीट अंगठ्यानं दाबून पाहिली.

"फिर तो आपका सारा वजन इसी पे है," तो म्हणाला, आणि फोमचा आणखी एक थर कापायला घेतला.