जनावरांच्या हौदातला सेन्सर

आमच्या निरवांगीच्या बाजूला मत्स्यशेतीचा विषय निघाला की अजूनही कोणीतरी म्हणते, "आबांच्या तळ्यातलं मासं त्या कॉम्प्युटरनं मारलं." ते आबा म्हणजे मी. कॉम्प्युटरने काही मारले नाही. मारले मी. शेतकरी सोसायटीच्या बैठकीत हे मी सांगितले आहे, पण त्या दिवशी निम्मे लोक नव्हते, आणि खोटी गोष्ट फार लांब गेली आहे. म्हणून लिहितो.

ती मुलगी माझ्या वर्गमित्राची. पुण्यात इंजिनिअर झाली, तिथली नोकरी सोडून बारामतीत दोन खोल्यांचे ऑफिस थाटले. कृत्रिम बुद्धिमत्तेवर मत्स्यशेती चालवायची, हे तिचे वेड. पहिल्या प्रयोगासाठी ती माझ्याकडे आली, कारण सोसायटीत मी वर्षानुवर्षे आहे. मी एखादी गोष्ट केली की वरकुट्यापर्यंतचे शेतकरी ती करून बघतात, हे तिला ठाऊक होते.

माझ्या शेततळ्यात तिने चिलापी माशांची पिल्ले सोडली. पाण्यावर तरंगणारा एक सेन्सर बसवला. पाण्यात हवा कमी होते आहे असे यंत्राला वाटले की पाणी घुसळणाऱ्या चक्र्या आपोआप सुरू व्हायच्या आणि माझा फोन बोलायचा. आवाज तिने स्वतःचाच भरला होता. "आबा, पाण्यात हवा कमी पडतीय, चक्र्या चालू केल्यात." शेजारचे तात्या चेष्टा करायचे, "आबा, सुनंपेक्षा हीच तुमची जास्त इचारपूस करती की!"

पहिला हंगाम छान गेला. मग उन्हाळा आला. कालव्याच्या पाण्याची पाळी लांबली आणि ऊस माना टाकू लागला. विहिरीची मोटार आणि चक्र्या एकाच कनेक्शनवर होत्या, दोन्ही एकदम चालत नसत. चक्र्या सुरू झाल्या की मोटार बंद पडायची. तशी मांडणी तिनेच केली होती आणि मला समजावूनही सांगितली होती. पण मी जन्माचा ऊसवाला. ऊस वाळला तर रस्त्याने जाणारा येणारा बघतो. मासा पाण्याखाली असतो, त्याच्याकडे कोण बघतो?

एका संध्याकाळी मी सेन्सर तळ्यातून काढला आणि गोठ्यातल्या जनावरांच्या हौदात सोडला. हौद नुकताच ताज्या पाण्याने भरला होता. फोन गप्प झाला. चक्र्या थांबल्या आणि मोटार पहाटेपर्यंत चालली. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ, कसं गंडवलं यंत्राला!" ती म्हणाली, "म्हस त्याला चाटतीय, तेवढं बघा."

सकाळी तळे पांढरे दिसत होते. मासे पोट वर करून तरंगत होते.

त्यानंतर मी जे केले, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी तिला फोन केला नाही. आधी हौदातून सेन्सर काढला, धुतला, तळ्यात होता तसा लावला, आणि मग फोन केला.

ती धापा टाकत आली. काठावर उकिडवी बसून लॅपटॉप बघत राहिली. "आबा, हितं तर रातभर पाणी चांगलं दाखवतंय. असं कसं झालं?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुझं यंत्र चांगलं म्हणालं, आमी इसवास ठेवला."

बायको गोठ्याच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि शेणाची पाटी उचलून आत गेली.

सोसायटीच्या हॉलमध्ये त्या मुलीने सगळ्यांसमोर हात जोडले. चूक माझ्या यंत्राची, म्हणाली. हौदाचे काही ठाऊक नसताना मागून कोणीतरी ओरडले, "पोरी, यंत्रापरीस आबांच्या म्हशीला इचारायचं! तिला पाण्यातलं जास्त कळतंय." हॉल हसला. मीही हसलो.

तळी द्यायला तयार झालेले बरेच जण मागे फिरले. कळंबच्या एकाने नवे खोदलेले तळे बुजवून त्यात ऊस लावला.

ती मात्र थांबली नाही. मिळतील तेवढी तळी घेऊन काम करत राहिली. यंदा घरी आली, पाया पडली आणि म्हणाली, "आबा, बहुतेक बंद करीन आता. यंत्र चांगल्या पाण्यातबी रातभर चक्र्या फिरवतंय. लोक लाइट बिलाला वैतागल्यात." कारणही तिनेच सांगितले. माझ्या तळ्यातल्या त्या रात्रीचे आकडे तिने यंत्राला शिकवले होते. पाणी चांगले दिसले तरी मासे मरतात, हा धडा ते तेव्हापासून प्रत्येक तळ्यावर गिरवत होते. माझे खोटे इंदापूर तालुक्यात ठिकठिकाणी रात्रभर पाणी घुसळत होते.

तेव्हा मी सांगितले. हौद, म्हैस, धुतलेला सेन्सर, सगळे.

ती जायला उठली. मग म्हणाली, "मी सहा महिनं स्वतःची चूक शोधत हुते, आबा." पायात चपला घालताना पुढे म्हणाली, "मला एकटीला सांगून चालायचं न्हाय. हॉलमधी सांगा."

मी सांगितले.  या वेळी कोणी हसले नाही. कळंबचा माणूस उठला. "मी तळं बुजवलं ते यंत्राकडं बघून न्हाय, आबा. तुमच्या तोंडाकडं बघून." 

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. त्या रात्रीचे आकडे काढून टाकते आहे आणि यंत्राला नव्याने शिकवायला लागेल, असे तिने लोकांना सांगितले. मग ती कळंबच्या माणसाजवळ जाऊन बसली. "दादा, परत खोदायचा इचार असला तर मी येते जागा बघायला."

"ऊस तुटल्यावर बघू," तो म्हणाला.

"मग ऊस तुटल्यावर येते," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.