शेतकऱ्याच्या नावानं लिहिलेलं वाक्य

उज्मा हल्ली घरी जेवत नाही. ऑफिसातून खाऊन आले, असं तिच्या मामीला सांगते आणि खोलीत निघून जाते. मामीनं हे मला फोनवर सहज सांगितलं, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. बाहेरचं खाणं तिला लहानपणापासून नको असतं. कॉलेजच्या सहलीलासुद्धा ती डबा घेऊन गेली होती. ती खाऊन येत नाही, उपाशीच झोपते, हे मला अकोल्यात बसून कळतं आणि मी काही करू शकत नाही.

ती माझी एकुलती मुलगी. तिचे अब्बा गेले तेव्हा बारावीत होती. माझे मोठे भाऊ अब्दुल गफ्फार अमरावतीहून आले आणि म्हणाले, "नसीम, पोरीचं शिक्षण थांबलं नाही पाहिजे." तिला सोबत घेऊनच गेले. एमसीए तिथंच झालं, नोकरी तिथंच लागली, आणि ती अजून त्यांच्याच घरी राहते. भाईजान संत्र्याचे व्यापारी. वरूडकडे बागेतलं फळ झाडावरच विकलं जातं. फळ हिरवं असताना व्यापारी झाडाझाडाखाली फिरतो, नजरेनं अंदाज बांधतो आणि सगळ्या बहाराचा सौदा करतो. पुढे तोडणी त्याच्या सवडीनं. भाईजानच्या घरी जेवताना बोलणं याचंच. कुठल्या बागेला पाणी आहे, कुठली वाळली, कोणी झाडं तोडून सरपणाला दिली. ही दोन-तीन दुष्काळी वर्षं तर दुसरं बोलायलाच काही नाही.

उज्माचं काम समजायला मला वेळ लागला. तिच्या ऑफिसात बाग आणि व्यापारी यांची गाठ घालून देणारं एक अॅप बनत होतं. प्रोग्राम दुसरे लिहितात. काय बनवायचं ते वापरणाऱ्याच्या तोंडून एका वाक्यात मांडणं हिचं काम. त्याला युजर स्टोरी म्हणतात. मी कोण, मला काय हवं आणि ते कशासाठी, एवढं त्यात यायला हवं.

"तू सांग अम्मी," ती एका रविवारी अकोल्याला आली असताना भाजी निवडता निवडता म्हणाली. "अम्मी म्हणून मला हवं..."

"अम्मी म्हणून मला हवं की तू वेळेवर झोपावं."

"आणि कशासाठी? ते राहिलं."

"म्हणजे मलाही झोप लागेल."

"पकडली! ही तर तुझी गरज निघाली, माझी नाही."

तेव्हा हसलो आम्ही. कशासाठी हा शब्द तिच्या तोंडी पहिल्यापासूनच. लहान असताना भाजीबाजारात आंबट चुक्यावर पाणी का मारता म्हणून माळणीला विचारत उभी राहायची, आणि मी पिशवी धरून ताटकळायचे.

अॅपसाठी तिनं लिहिलेल्या स्टोऱ्यांत एक होती: शेतकरी म्हणून मला झाडावरच्या फळांचे फोटो टाकता यावेत, म्हणजे व्यापाऱ्याला घरबसल्या बाग पाहता येईल. ऑफिसात ती सगळ्यांना आवडली. तिचे वरिष्ठ धर्मेंद्र, धामणगावचे, त्यांनी ती सगळ्यांत आधी बनवायला घेतली. चाचणीसाठी भाईजाननी आपल्या ओळखीचे व्यापारी जोडून दिले. बागायतदारही आले. पण फोटो कोणी टाकेना.

म्हणून या डिसेंबरात धर्मेंद्रनी तिला वरूडजवळच्या एका बागेत पाठवलं. बाग शेषराव आणि पार्बताबाई या नवराबायकोची. तिथं काय झालं ते उज्मानं मला जसंच्या तसं सांगितलं.

शेषराव म्हणाले, "फोटो टाकला त बेपारी बांधावर कायले येईन बाई? घरी बसूनच चार डागी फळं दाखवन अन् भाव पाडन. बांधावर आला, चहा पेला, म्हंजे बोललेल्या शब्दाले थोडी तरी लाज रायते."

पार्बताबाईंनी मोबाइल हातात घेऊन तिच्याकडून ते वाक्य वाचून घेतलं. "हे शेतकऱ्याच्या नावानं लिवलं कोनं? एखांद्या बेपाऱ्याच्या घरचं दिसते!"

"बेपाऱ्याच्या भाचीनं लिहिलं, काकू."

"अग माय!" म्हणून त्या हसायला लागल्या. "बस मंग. चहा पिऊन जाय. तुह्यावर काहून राग काढू?"

चहा पिताना त्यांनी झाडांकडे बोट दाखवलं. सौदा झाला, पण व्यापारी भाव चढायची वाट पाहत होता आणि माल झाडावरच होता. पुढचा आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा, यायचा तर आता पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. फळ लटकलेलं असताना पाणी तोडता येत नाही. विहिरीत होतं नव्हतं ते पाणी विकलेल्या फळाला चाललं होतं, आणि पुढचं वर्ष हातचं जात होतं. तो व्यापारी कोण, हे उज्मानं विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं ती मला म्हणाली.

परत येऊन तिनं जुनी स्टोरी काढून टाकली आणि नवी लिहिली: बागायतदार म्हणून मला तोडणीची तारीख सौद्याच्या वेळीच पक्की हवी, म्हणजे झाडं वेळेवर ताणावर सोडता येतील. तारीख चुकली की ते अॅपवर सगळ्यांना दिसणार. धर्मेंद्र म्हणाले, "बरोबर आहे. पण व्यापारी निघून गेले, तर अॅप वापरणार कोण? लिहिलं तू, तर बैठकीत मांडायचंही तूच." बैठक सोमवारी आहे. काय बनवायचं आणि काय सोडायचं ते तिथं ठरणार.

भाईजानना हे बाजारात कळलं. तिला ते काही बोलले नाहीत. फोन मला आला.

"नसीम, तुझी पोरगी आपल्याच पोटावर पाय देऊन राहिली. तारखेले माल तोडला अन् तिकडे बाजार पडला, त गाडीभाडं, मजुरी कोण देईन, तिचं अॅप? सांग तिले, काढ म्हणा ते. माझं ऐकनार नाही, तुझं ऐकन."

"तुम्ही तिला विचारलं का, भाईजान?"

"मी काय विचारू? घरात आहे माझ्या."

आता कळलं ती जेवत का नाही. ज्यांच्या ताटात जेवायचं त्यांच्याविरुद्ध सोमवारी बोलायचं, हे तिला गिळवत नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "अम्मी, मी मामूंचीही स्टोरी लिहीन. पण व्यापारी म्हणून, त्यांच्या नावानं. शेतकऱ्याच्या तोंडी नाही घालणार." आवाज फार थकलेला होता.

मला दोन्ही बाजू दिसतात. भावाचं सांगणं खोटं नाही. पडलेल्या बाजारात त्यांच्या गाड्या अडकलेल्या मी पाहिल्यात. त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही. पण माझ्या एका शब्दानं उज्मा ते वाक्य काढून टाकेल, हेही मला माहीत आहे, आणि म्हणूनच तो शब्द तिला सांगवत नाही. सोमवारनंतर त्या घरात ती कशी राहील? मामी तोंड फिरवेल का? नोकरी तरी टिकेल का? नुसते प्रश्न, आणि अंग तर असं दुखतंय जणू मीच दिवसभर तोडणीवर होते.

उज्माला मी काही सांगणार नाही. भाईजान पहाटे फजरच्या नमाजला उठतात. तेव्हा त्यांना फोन करते. म्हणते, मी तिला थांबवणार नाही. तुम्ही तिला समोर बसवा आणि तारखेची तुम्हाला भीती का वाटते, ते गाडीभाड्यापासून सगळं तुमच्या तोंडानं सांगा. ती लिहून घेईल. रागावले तर रागावू देत, फोन मीच करते.